ढवळ्याचं एक शिंग नवं

नागपूरच्या महाल भागात, मूर्तिकारांच्या चितार ओळीच्या मागच्या एका गल्लीत लाकूडकामाचं दुकान आहे. पाटी नाही, शटर अर्धंच उघडं असतं, आणि गणपतीच्या आधीच्या दिवसांत समोर मातीचे ढीग न ओल्या मूर्तींच्या फळ्या असतात, त्यामुळे पटकन दिसतही नाही. यंदा तिथे मी आमचा लहानपणीचा लाकडी बैल दुरुस्तीला दिला. काम असं झालं की घरात अजून त्याच्याबद्दल बोलणं निघतं. वेळेच्या बाबतीत मात्र त्यांनी माझा जीव टांगणीला लावला होता. दोन्ही सविस्तर लिहिते, कारण पोळा जवळ आला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, जुना बैल नीट करून देणारं कोणी आहे का.

विदर्भाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. पोळ्याला खऱ्या बैलांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा भरतो. चाकांच्या पाटीवर उभा केलेला लाकडी बैल सजवायचा, दोरीनं ओढत न्यायचा, तोरणाखाली उभा करायचा, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हणायची, मग घरोघरी जाऊन बोजारा मागायचा. बोजारा म्हणजे खाऊ, पैसे, जे हातावर पडेल ते. नागपूरच्या भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली लहान मुलांसाठी हा पोळा सुरू केला असं इथे सांगतात. आम्हा महालातल्या पोरांना ते साल पाठ असायचं, कारण दरवर्षी कोणीतरी काका तोरणाखाली उभं राहून ते सांगायचेच.

आता बैलाकडे येते.

आईचं घर महालातच आहे. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला आणि वरच्या खोलीचे कवेलू, म्हणजे कौलं, सरकले. आईचा फोन आला, माळ्यावरचं सगळं खाली काढा, नाहीतर भिजून जाईल. रविवारी दोन्ही लेकरांना घेऊन गेले. मोठी सात वर्षांची, दुसरीत आहे. लहाना साडेतीन वर्षांचा. एकीला सगळं विचारायचं असतं, दुसऱ्याला सगळं तोंडात घालायचं असतं, त्यामुळे माळा काढायचं काम दोन तासांत होईल ही आशा मी दारातच सोडली होती.

पत्र्याची मोठी पेटी निघाली. वर माझी न भावाची प्रगती पुस्तकं. त्याखाली पितळेची भातुकली, चूल नसलेली. कंच्यांनी अर्धा भरलेला बोर्नव्हिटाचा डबा. शाळेच्या गॅदरिंगचा पुठ्ठ्याचा मुकुट, ज्याच्या बेगडाला हात लावला तर तो बोटाला चिकटून आला. आणि तळाशी बाबांच्या जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. गाठ बाबांची होती. ते डब्याला, गादीला, कशालाही एकच गाठ मारायचे, दोन वेढे देऊन टोक आत खुपसलेली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ती गाठ सोडायला मला जरा वेळ लागला.

आत ढवळ्या होता.

हातभर लांब, वीतभरापेक्षा थोडा उंच, सागवानी. पांढरा ऑइल पेंट पिवळा पडून जागोजागी पोपडे धरलेला. डावं शिंग मुळापासून गेलेलं. मागचा उजवा पाय हलत होता. पाटीची चार चाकं होती, त्यातली दोनच उरली होती. शेपटीच्या जागी नुसतं भोक. पोटाखाली दुपट्ट्यात बारीक पिवळसर पीठ साचलेलं, म्हणजे लाकडाला घुण लागून गेलेला. मी बघत बसले आणि लहान्यानं तेवढ्यात त्याचा कान चाटून पाहिला.

पेटीतच एक फोटो मिळाला, १९८९ चा. आई ओट्यावर बसलेली, मांडीवर वर्षाचा भाऊ, पुढे ढवळ्या नवाकोरा, आणि दोरी माझ्या हातात. मी तेव्हा चार वर्षांची. मोठीनं फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "आई, बैल कोणाचा?"

"मामाचा. त्याच्या पहिल्या तान्ह्या पोळ्याला घेतला होता."

"मग दोरी तुझ्याजवळ कशी?"

कारण त्याला चालताच येत नव्हतं. पण पुढची आठ वर्षं त्याला चांगलं चालता येत होतं तरी दोरी बरेचदा माझ्याकडेच असायची, आणि त्यावरून आमची जी भांडणं झाली आहेत ती आमच्या गल्लीतल्या जुन्या लोकांना अजून आठवतात. आईनं तिथल्या तिथे मोठीला दोन किस्से सांगितले. घरी परतताना ठरलं होतं: यंदा सोसायटीच्या तान्ह्या पोळ्यात ढवळ्या जाणार.

आधी मी जवळच्याच एका फर्निचर दुरुस्तीवाल्याकडे नेला. मोठं दुकान, मशीनवर काम. त्यांनी बैल उचलून फिरवून पाहिला आणि म्हणाले, पूर्ण घासून काढू, दोन्ही शिंगं नवी, कान नवे, वरून ड्युकोचा चकचकीत रंग मारू, मॅडम ओळखूच येणार नाही. अठ्ठावीसशे रुपये. मी बैल परत पिशवीत ठेवला. ओळखू येणार नसेल तर मी तो दुरुस्त कशाला करू? नवाच घेतला असता. नवा पण पाहून आले म्हणा. इतवारीच्या बाजारात याच उंचीचा सागवानी बैल मला साडेतीन हजारांच्या खाली कोणी दिला नाही. लहान बैल दोन-तीनशेतही मिळतात, मुलांना ते चालतातही.

महालातलं हे दुकान आईच्या शेजारच्या काकूंनी सांगितलं. मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. गणपतीच्या मखराच्या चौकटी, देवघरं, पाट, चौरंग, आणि पोळ्याच्या सुमारास बैल, असं त्यांचं वर्षाचं काम. मी गेले तेव्हा पोळ्याला पाच आठवडे होते. त्यांनी ढवळ्याला उलटा केला, कानाजवळ नेऊन बोटानं ठोकला, पायाच्या सांध्यात नख घालून पाहिलं. किंमत सांगायच्या आधी एक प्रश्न विचारला, "घरात किती लहान पोरं हायेत?"

सांगितलं. म्हणाले, "मंग हा जुना रंग पयले काढा लागते."

हे मला त्यांच्या तोंडून अपेक्षित नव्हतं. मी फार्मासिस्ट आहे, त्यामुळे जुन्या ऑइल पेंटमधल्या शिशाची काळजी माझ्या डोक्यात आधीपासून होतीच. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, त्यातही पांढऱ्या-पिवळ्या-लाल चकचकीत रंगांत, किती शिसं असेल याचा भरवसा नाही. लहान मुलांच्या पोटात ते थोडं थोडं जात राहिलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि चाटणाऱ्या वयाच्या पोरांना त्याचा सर्वांत जास्त धोका. मिस्त्रींना पीपीएम वगैरे सांगायची गरज पडली नाही. ते म्हणाले, कोरडं घासत नाही, वॉटर पेपर ओला करून घासतो, चिखल कागदावर घेतो न बांधून फेकतो. धूळ उडू द्यायची नाही, त्यांच्या स्वतःच्या छातीलाही ती चालत नाही. कोणी जुनी रंगवलेली खेळणी घरी घासायला बसणार असाल तर एवढं तरी ऐका: कोरड्या पॉलिश पेपरनं, पोरं आजूबाजूला खेळत असताना, हे काम अजिबात करू नका.

दुसरी गोष्ट घुणाची. मला वाटलं काही औषध टोचतील, आणि खेळण्याला कीटकनाशक म्हटलं की माझा नकारच होता. त्यांनी आधी काहीच केलं नाही. काळ्या पुठ्ठ्यावर ढवळ्याला ठेवला, भोकं ब्रशनं झाडून साफ केली आणि सांगितलं की आठ दिवस हात लावायचा नाही. नवं पीठ पडलं तर किडा जिवंत आहे, नाही पडलं तर केव्हाच उडून गेला. आठ दिवसांनी मी मुद्दाम कामावरून येताना गेले. पुठ्ठा स्वच्छ होता. म्हणजे भोकं फक्त भरायची होती. ती त्यांनी सागवानाच्याच भुश्यात चपडी म्हणजे लाख कालवून भरली.

शिंगाबद्दल आमचा थोडा वाद झाला. मला दोन्ही शिंगं नवी हवी होती, जोडी सारखी दिसावी म्हणून. मिस्त्री म्हणाले, "जुनं शिंग चांगलं आहे ना ताई. त्यानं काय गुन्हा केला?" मी म्हटलं, रंग वेगळा दिसेल. ते म्हणाले, दिसू द्या. नवं शिंग शिसमाचं केलं, जुन्याच्या वळणावरून कागदाचा साचा काढून, उलटा ठेवून. आता पाहिलं तर नवं शिंग जरा काळपट आहे. मोठी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते, हे जुनं, हे नवं. दोन्ही नवी केली असती तर तिला दाखवायला काय उरलं असतं, असं मला आता वाटतं.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते.

एका संध्याकाळी साडेसातला अनोळखी नंबरवरून फोन आला. कुकर लावलेला, मोठीचा पाढ्यांचा गृहपाठ डायनिंग टेबलवर, लहाना ओट्याखालच्या ट्रॉलीतून झाकणं काढून वाजवत होता. फोन मिस्त्रींचा, शेजारच्या दुकानातून लावलेला. म्हणाले, "ताई, पोटावरचा रंग काढून राहिलो होतो तर खाली काही कोरलं आहे. टोकदार वस्तूनं. एक म आहे, एक श आहे, मधात फूल काढलं आहे न खाली १९९३ लिहिलं आहे. ठेवाचं का काढाचं?"

मला आठवतच नव्हतं. म्हणजे अगदी पूर्ण विसरले होते. आणि त्यांनी म्हटल्याबरोबर कंपासमधलं कर्कटक हातात आलं, पोटमाळ्याखालची अंधारी जागा आली, मी आठ वर्षांची न भाऊ पाच वर्षांचा, बैल उलटा करून मांडीवर धरलेला, त्यानं आधी माझं अक्षर काढू दिलं म्हणून बदल्यात मी त्याला फूल काढू दिलं. दोरीचा तह होता तो. वर्षभर आळीपाळीनं धरायची. नंतर बाबांनी त्याच्यावर रंगाचा हात मारला असणार, कारण आम्हाला ते कधी परत दिसलं नाही.

कुकरची शिट्टी झाली तरी मी बोलले नाही. मिस्त्रींना वाटलं फोन कटला. "ताई?"

"ठेवा," म्हटलं. "ठेवा काका."

"मंग मी त्याच्यावर टेप लावतो न बाजूबाजूचं काढतो. आणि उजव्या कानावर बारके दात हायेत. ते पण तुमचेच हायेत काय?"

ते भावाचे. आईला विचारलं तर ती एका क्षणात म्हणाली, दात येत होते तेव्हा तो तासन् तास तो कान चावत बसायचा, काढून घेतला की रडायचा. कान तसाच ठेवला. मिस्त्रींनी त्याच्या कडा फक्त गुळगुळीत केल्या, खाचा भरल्या नाहीत. पुण्यात भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, फोन जरा जवळ ने. कान पाहून झाल्यावर म्हणाला, पोट दाखव. मग त्याची बायको फोनमध्ये डोकावली, मग त्यांची मुलगी, आणि आमच्या इथून लहाना मधेच घुसून स्वतःचे दात दाखवू लागला.

एवढ्यासाठी मी त्या दुकानाला पैकीच्या पैकी देईन. रंग काढणारे खूप मिळतात. मधेच हात थांबवून, दुसऱ्याच्या दुकानात जाऊन, आपला वेळ घालवून फोन लावणारा माणूस मला एवढ्या वर्षांत दुसरा भेटला नाही.

पॉलिशबद्दलही लिहायला हवं. ऑइल पेंट परत नको हे दोघांनाही पटलं होतं. त्यांनी गेरू, पिवडी आणि खडू डिंकात खलून अंगावर हलका हात दिला, डोळे काजळीनं काढले आणि वरून चपडीचं पॉलिश, म्हणजे लाखेचं. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहतात, त्यांनी सोडलेला चिकट पदार्थ शुद्ध केला की चपडी होते, ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं चढवतात. आमच्या क्षेत्रात हीच शेलॅक गोळ्यांवर आवरण म्हणून वापरतात, त्यामुळे माझं मन निश्चिंत झालं. स्पिरिट उडून जायला वेळ द्यावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा. घरी आणल्यावर दोन दिवस वास येत होता, मी गॅलरीत ठेवला.

आता तक्रार. पंधरा दिवस सांगितले होते, लागले चौतीस. मधल्या काळात मी सहा चकरा मारल्या. फोन केला तर उचलत नाहीत, कारण त्यांचा स्वतःचा फोन घरी असतो न सून वापरते. एकदा दुकान बंद, एकदा ते मखराच्या कामावर गेलेले, एकदा ढवळ्या तीन पायांवर उभा आणि चौथा सरसात बसून वाळतोय. उशिराचं खरं कारण पावसाळा होता हे मला मान्य आहे. हवेत ओल असताना चपडी चढवली तर स्पिरिट उडताना बाष्प धरतं आणि पॉलिश पांढरट पडतं, दुधाचा हात मारल्यासारखं. ऊन पडलेली दुपार बघूनच ते हात चढवत होते, आणि यंदा श्रावणात तशा दुपारी मोजून मिळाल्या. पण हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. घरात सात वर्षांचं लेकरू रोज शाळेतून आल्याबरोबर "आला का ढवळ्या" विचारत असतं, तिला पंधरा दिवस आणि पाच आठवडे यातला फरक समजावता समजावता माझी दमछाक झाली. पोळ्याच्या दोन दिवस आधी ती झोपताना रडली. म्हणाली, तिच्या मैत्रिणीचा बैल सजवूनपण झाला. त्या रात्री मला मिस्त्रींचा खूप राग आला होता, तो मी इथे लपवत नाही.

शेवटी पोळ्याच्या संध्याकाळी साडेआठला बैल मिळाला. नवरा दोन्ही पोरांना गाडीत घेऊन बडकस चौकाच्या अलीकडे थांबला आणि मी गल्लीत चालत गेले, कारण तिथे चारचाकी घालायचा विचारसुद्धा करू नका. मिस्त्री आमचीच वाट पाहत होते. अजून जेवले नव्हते. पाटी नवी, चारही चाकं नवी, खरादावर काढलेली. शेपटीला ताग लावून टोकाला काळ्या लोकरीचा गोंडा. बाराशे सांगितले होते, बाराशेच घेतले. शेपटीचे वेगळे धरले नाहीत. पावती नाही, ऑनलाइन पैसे नाहीत, रोख न्या.

दुसऱ्या दिवशी त्या भागात जायचं नव्हतंच, कारण तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत निघते, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि त्या दिवशी इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते. लहानपणी आम्ही आजीचा हात धरून ओट्यावरून पाहायचो आणि घसा फुटेस्तोवर ओरडायचो, घेऊन जा गे मारबत. तुमचंही काम पोळ्याच्या तोंडावर अडकलं असेल तर त्या दिवशी सकाळी आणू असं म्हणू नका, आदल्या रात्रीच उचला.

सकाळी आठला ढवळ्या सजायला बसला. आई आली होती. तिनं घरून जुन्या पैठणीच्या काठाची झूल शिवून आणली होती, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ. मोठीनं नव्या शिंगाला सोनेरी बेगड लावायला घेतला आणि जुन्याला नाही लावला. का विचारलं तर म्हणाली, जुनं तसंच छान आहे. लहान्यानं पूर्ण वेळ शेपटी धरून ठेवली होती, त्याचं म्हणणं बैल पळून जाईल.

दोरीवरून अपेक्षेप्रमाणे युद्ध पेटलं. ती म्हणे मी मोठी, तो म्हणे माझा. मी काही सांगायच्या आत आईनं बैल उलटा केला आणि दोघांना पोटावरचं दाखवलं. हे तुझ्या आईनं काढलं, हे मामानं काढलं, दोघांनी अर्धा-अर्धा वेळ धरायची असं ठरवलं होतं. मोठीनं वाचलं, "एक हजार नऊशे त्र्याण्णव." लहान्यानं फुलावर बोट फिरवलं. मग ती म्हणाली, लिफ्टपर्यंत तू, तोरणापर्यंत मी. आणि खरंच तसंच झालं, लिफ्टच्या दारात त्यानं दोरी तिच्या हातात दिली. परत येताना मोडलं, पण जाताना तरी पाळलं.

सोसायटीच्या अंगणात पंचवीस-तीस बैल होते. काही गुडघ्याएवढे, पाटीखाली रंगीत दिवे लावलेले. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली सगळी ओळीनं उभी राहिली. मोठीनं आजीकडून दोन दिवसांत पाठ केलेली झडती म्हटली, "एक नमन गौरा पार्वती", आणि सगळ्यांनी "हर बोला हर हर महादेव" म्हटलं तेव्हा लहाना घाबरून माझ्या पायाला चिकटला. बक्षीस मिळालं नाही, त्याचं कोणाला वाईटही वाटलं नाही. बोजाऱ्यात एकशे दहा रुपये, चॉकलेटं आणि एका आजोबांनी दिलेल्या दोन पुरणपोळ्या.

चाकं कुरकुरत होती. हा कामातला एक दोष. पहिल्याच फेरीत मागचं चाक इतकं ओरडायला लागलं की शेजारच्या पोरांना मजा वाटली. मी मेणबत्ती लोखंडी दांड्यावर घासली, आवाज बंद झाला. मिस्त्रींनी देतानाच मेण लावून दिलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरा दोष आमच्याच हातून. चारेक दिवसांनी मोठीनं शाळेतून आल्यावर ढवळ्याला "हात धुवायला" म्हणून सॅनिटायझर लावला. चपडी स्पिरिटमध्ये विरघळते, सॅनिटायझरही अल्कोहोलच, पाठीवर रुपयाएवढा चिकट डाग पडला. ती इतकी घाबरली की बैल पलंगाखाली लपवून ठेवला होता. चपडीच्या पॉलिशचं हे पथ्य मिस्त्रींनी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते: सॅनिटायझर नको, परफ्यूम नको, गरम कप वर ठेवू नका, ओल्या फडक्यानं सारखं पुसू नका. दुकानात नेल्यावर त्यांनी कापडाचा बोळा त्याच चपडीत बुडवून पाच मिनिटं गोल गोल फिरवला, नवा थर जुन्यात विरघळून एकजीव झाला आणि डाग कुठे होता ते मलाही सापडलं नाही. पैसे घेतले नाहीत. मोठीला बोळा हातात देऊन शेवटचे चार हात तिच्याकडून मारून घेतले, आणि ती रस्ताभर बोटांचा वास घेत आली.

कोणी जाणार असाल तर पोळ्याच्या दीड महिना आधी जा, उन्हाळ्यात गेलात तर आणखी चांगलं. त्यांनी सांगितलेल्या दिवसांचे दुप्पट धरा. पोरांना तारीख सांगू नका. सकाळी अकरानंतर दुकान उघडं असतं, दुपारी जेवायला बंद. नव्यासारखं चकचकीत हवं असेल तर इथे जाऊ नका, ते करत नाहीत.

मागच्या आठवड्यात मी बाबांचा जेवायचा पाट नेला. एक पाय तुटलेला, वर हळदीचे डाग. तारखेचं काही बोलले नाही, दिवाळीनंतर द्या म्हटलं. मिस्त्रींनी पाट उलटा केला, शटरच्या उजेडात नेला, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि चारही कोपऱ्यांतून अंगठ्यानं धूळ पुसत पाहिलं.

"काही लिहिलं नाई," म्हणाले. "मंग घासतो."